वाळवंटात एकटीने जायचे तर…

वाचक भगिनींनो, आधी एक साधा प्रश्न विचारते. लग्नाआधीची आणि नंतरची सगळी वर्षे धरून, घरात अगदी एकट्या अशा किती रात्री तुम्ही काढल्या आहेत?

दोन वर्षांपूर्वी चाचणीचे पेपर तपासता तपासता हा प्रश्न माझ्या मनात आला, नि मी मोजायला बसले. माहेरी कल्याणला दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे. आधी आजीच्या कुशीत, मग धाकट्या बहिणीशेजारी. बी. ए. झाले तेही घरूनच, होस्टेल कधी पाहिले नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले ती भरल्या घरात. हे कामासाठी बाहेरगावी गेले तरी सासूबाई आणि मुले असतातच. दोन्ही बाळंतपणांत दवाखान्यात उशाशी आई होती. उत्तर आले शून्य. वय सदतीस, दोन मुलांची आई, सातवीच्या वर्गाची बाई, आणि एकटीने काढलेली रात्र एकही नाही!

ही तक्रार नव्हे. भरले घर ही भाग्याची गोष्ट आहे, हे मला कळते. पण तो शून्य काही मनातून जाईना. त्याच सुमारास वर्गात वाळवंटी प्रदेशाचा धडा शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, तुम्ही वाळवंट पाहिलंय?" मी म्हटले, "नाही गं." ती म्हणाली, "मग तुम्हाला कसं माहीत?"

झाले! त्या दिवसापासून शिकवणीच्या पैशातले थोडे थोडे डब्यात टाकू लागले. आज त्या डब्यात चौदा हजार रुपये आहेत, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातले जैसलमेरचे तिकीट हातात आहे. आठ दिवसांचा प्रवास, त्यात तीन रात्रींचा मुक्काम. एकटीने. अजून गेलेले नाही, तेव्हा प्रवासवर्णन लिहीत नाही. लिहिते आहे ती तयारी. कारण आता माझ्या लक्षात आले आहे की, आपल्यासारखीच्या प्रवासाचा निम्म्याहून अधिक भाग घरातच होतो.

घरात सांगितले तो दिवस

ह्यांना सांगितले तेव्हा हे हसलेच. "अगं, ठाण्याला साडी आणायला जायचं तर तू सोबत शोधतेस. वाळवंटात एकटी?" खरे होते ते, त्यामुळे रागही आला नाही. मुलगा म्हणाला, "आई, तिथे साप असतात." मुलगी म्हणाली, "मला ने." शेजारच्या वहिनींना कुठून कळले कोण जाणे, त्यांनी जिन्यात गाठून हळूच विचारले, "घरात सगळं ठीक आहे ना?" बाई एकटी निघाली म्हणजे काहीतरी बिनसले असणार, हा आपला ठरलेला हिशेब!

अशा वेळी मला कल्याणच्याच एका मुलीची आठवण होते. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना, पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूरला जाहीर सभेत उभे राहून, आपण का जातो आहोत, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या प्रवासापुढे माझे आठ दिवस म्हणजे काहीच नाही. पण एक गोष्ट मी उचलली. लोक विचारतात तर चिडायचे नाही, उत्तर तयार ठेवायचे. वहिनींना म्हटले, "सगळं ठीक आहे, म्हणूनच जाता येतंय."

सासूबाई मात्र तीन दिवस काहीच बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी भाजी निवडताना एकच प्रश्न विचारला. "पाण्याचं काय करणार?"

आधी पाणी

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या, सातारा जिल्ह्याचा दुष्काळी भाग. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, सुकडी नि मिलोच्या भाकरीवर दिवस काढायच्या. कोरड्या मुलखात कसे वागायचे, हे आमच्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे आणि इतकी वर्षे मी त्यांना ते कधी विचारलेच नव्हते.

त्या म्हणाल्या, "बाटलीत राखून ठेवलेलं पाणी माणसाला वाचवत नाही. पोटातलं वाचवतं. तहान लागली की प्यायचं. वाचवायचा तो घाम. उन्हात फिरायचं नाही, अंग झाकून ठेवायचं, दुपारी सावली सोडायची नाही." पुढे मी वाचले तेव्हा कळले की, वाळवंटातल्या प्रवासाबद्दल आजचे डॉक्टरही नेमके हेच सांगतात. घोट घोट पुरवून पिण्याच्या नादात बाटलीत पाणी शिल्लक असतानाही माणसे चक्कर येऊन पडतात.

माझा हिशेब असा. थंडीच्या दिवसांत चालायचे असले तर दिवसाला चार लिटर, ऊन असेल तर सहा लिटर तरी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, म्हणून तीन दिवसांचे पाणी पाठीवर नेणे शक्य नाही. मुक्काम पाण्याजवळच हवा. आणि चालायला निघाल्यावर नियम तिसऱ्या हिश्श्याचा. एक हिस्सा जाताना, एक येताना, एक अडीअडचणीला. पहिला हिस्सा संपला की, समोर कितीही सुंदर काही दिसत असले तरी पाय मागे वळले पाहिजेत.

नुसते पाणी पुरत नाही, घामातून मीठही जाते. मुलांना जुलाब झाल्यावर आपण जलसंजीवनी करतो, तीच इथे उपयोगी. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको. मी साखर-मिठाच्या पुड्या घरूनच मोजून बांधल्या आहेत. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, असे समजावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पुढची पायरी. आणि बोलण्यात गोंधळ, अंग तापलेले ही मात्र धोक्याची पायरी. तिथे तातडीने सावलीत नेऊन अंग ओले करणे, वारा घालणे आणि दवाखाना गाठणे, याला पर्याय नाही.

नाणेघाटाने शिकवलेला धडा

हे सगळे आज शहाणपणाने लिहिते आहे, पण गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर माझी चांगली फजिती झाली. सराव म्हणून रविवारी नाणेघाट चढायचे ठरवले. आपल्या भागातल्या भगिनींना नाणेघाट ठाऊक असेल. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.ने पायथ्याशी उतरायचे नि दोन-तीन तास चढायचे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जुन्नर नि कल्याण-सोपाऱ्याची बंदरे यांच्यामधला हा व्यापारी रस्ता. वर गुहेत राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पण मला खरे महत्त्वाचे वाटले ते खडकात कोरलेली पाण्याची टाकी. त्या काळच्या लोकांनीही आधी पाण्याचाच विचार केला होता!

मी मात्र केला नव्हता. दोन लिटर पाणी नेले होते, त्यातले दीड लिटर चढतानाच संपले. टाक्यांतले पाणी न उकळता प्यायचा धीर झाला नाही. उतरताना पायात गोळे आले, डोके ठणकू लागले. रविवार असल्यामुळे वाटेवर मुलामुलींचे घोळके होते, पण "मला पाणी द्या" म्हणायची लाज वाटली. शेवटी खाली वाडीतल्या एका बाईने माझे तोंड पाहूनच कळशीतले पाणी तांब्याने दिले. दोन तांबे प्याल्यावर मग तोंडातून शब्द फुटला.

याहून मोठी चूक घरी झाली होती. निघताना मी "संध्याकाळी येते" एवढेच सांगितले होते. संध्याकाळ म्हणजे पाच का नऊ? परतीची एस.टी. चुकली, फोनची बॅटरी फोटो काढण्यात संपलेली. रात्री पावणेदहाला घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे. तोवर माझ्या बहिणीला, शाळेतल्या दोघींना नि मुख्याध्यापकांनाही फोन करून झाले होते. हे रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कुठे शोधायचं, तेसुद्धा मला माहीत नव्हतं." ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागले. त्या रात्री बेत सोडून द्यावा असे मनात आले होते.

तो सोडला नाही. पण "मला जायचंय" एवढ्यावर न थांबता "मी परत कशी येणार आहे" ते कागदावर मांडायला लागले.

घरचा कागद

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनसारख्या राष्ट्रीय उद्यानात दरीत उतरून रात्री राहायचे असेल तर परवाना घ्यावा लागतो आणि कोणत्या रात्री कुठे मुक्काम, हे त्यावर आधी लिहावे लागते. मी तसाच कागद घरासाठी तयार केला आहे. एक प्रत फ्रिजवर, एक बहिणीकडे, एक माझ्या पिशवीत. त्यावर पुढील गोष्टी आहेत.

१. कोणत्या दिवशी कोणती गाडी, डबा नि बर्थ.
२. प्रत्येक रात्रीचा मुक्काम, तिथल्या यजमानांचा फोन.
३. रोज फोन करायची वेळ, संध्याकाळी सात. रेंज नसली तर यजमानांच्या फोनवरून निरोप.
४. निरोप आला नाही तर काय करायचे. रात्री नऊपर्यंत थांबायचे, मग यजमानांना फोन, त्यानंतर पोलिसांना. नऊच्या आत घाबरायचे नाही, नऊनंतर संकोच करायचा नाही.
५. माझा रक्तगट, चालू औषधे, कोणत्या औषधाचे वावडे.
६. अडचणीचे क्रमांक, तातडीच्या मदतीसाठी ११२, रेल्वेसाठी १३९, महिला हेल्पलाइन १८१.

चौथा मुद्दा ह्यांनी स्वतः सुचवला. त्या दिवसापासून बेत माझ्या एकटीचा राहिला नाही. जाणार मी एकटीच, पण बेत घराचा झाला.

एकटीने म्हणजे किती एकटीने?

सुरुवातीला माझ्या डोक्यात चित्र होते ते असे की, पाठीवर पिशवी, चोहीकडे वाळू, मी नि आकाश. चौकशी केल्यावर ते बदलावे लागले. जैसलमेरच्या पश्चिमेला नि दक्षिणेला, बाडमेर जिल्ह्यापर्यंत पसरलेले जे मरु राष्ट्रीय उद्यान आहे त्याचे क्षेत्र ३१६२ चौरस किलोमीटर. १९८० साली ते राखीव झाले. नावावरून सगळी वाळूच असेल असे वाटते, पण मोठा भाग खडकाळ माळ, सेवण गवताची कुरणे, खेजडी, रोहिडा नि केराची झुडपे असा आहे. हद्दीत गावे आहेत, छोट्या वस्त्या आहेत, शेळ्या-मेंढ्या चरतात.

तिथे मनाला येईल तिकडे चालत सुटून तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, आणि पलीकडे देशाची सरहद्द असल्याने काही भागात तर फिरकताही येत नाही. मला आधी हिरमुसल्यासारखे झाले. मग कारण वाचले नि पटले. या उद्यानात माळढोक राहतो. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. जवळजवळ मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माणसे, कुत्री, गुरे यांची वर्दळ झाली की ते अंडे जाते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण आज तिथे माळढोक दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. साऱ्या जगात मोकळ्यावर राहणारे माळढोक दीडशेच्याही आत उरले असावेत, नि त्यांतले बहुतेक याच वाळवंटी मुलखात. एका पक्ष्याच्या एका अंड्यासाठी माझी हौस चार पावले आवरती घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून आता बेत असा आहे. बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून गाडी बदलून सुमारे तीनशे किलोमीटरवर जैसलमेर. पहिली रात्र जैसलमेरला. त्या दिवशी बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवरचे आकल पाहायचे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. आज पाण्याचा थेंब नाही तिथे एके काळी जंगल होते! सातवीच्या मुलांना हे सांगायचेच आहे.

पुढच्या दोन रात्री खुरी या गावात. जैसलमेरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, उद्यानाच्या कडेला. सम इथल्या वाळूच्या टेकड्या अधिक प्रसिद्ध आहेत, पण तिथे गाणी-बजावणी नि गर्दी फार. खुरीला मातीच्या घरांतून पाहुणे ठेवतात. पहाटे नि संध्याकाळी गावाजवळच्या टेकड्यांवर मी एकटी चालणार, गाव नजरेआड होऊ न देता. मधल्या दिवशी परवानगी काढून, वाटाड्या नि जीप घेऊन सुदासरीला माळढोक दिसतो का पाहायचे.

वाळूत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आपल्या पावलांच्या खुणांवर विसंबायचे नाही, वाऱ्याने त्या घडीभरात पुसल्या जातात. निघतानाच ठरवायचे की, सूर्य कोणत्या खांद्याला आहे, टाकी किंवा देऊळ कोणत्या दिशेला आहे. फोनमधला नकाशा आहेच, पण तो बंद पडला तर काय, याचे उत्तर आधीच हवे.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस. त्याच राजस्थानात फलोदीला २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. उन्हाळ्यात धुळीची वादळेही तेव्हाच. डिसेंबर-जानेवारीत उलट तऱ्हा. दुपारी चांगले ऊन, पण रात्री कधी पारा शून्याजवळ उतरतो. कोरडी हवा, ढग नाहीत, वाळू पटकन तापते नि पटकन निवते. आपल्याकडे स्वेटर वर्षातून दोनदा निघतो, त्यामुळे ही गोष्ट खरी वाटत नाही. एक जाड कपडा नेण्यापेक्षा तीन पातळ, एकावर एक घालता येतील असे नेणे चांगले. मधल्या हवेने ऊब राहते, नि दुपारी एकेक काढता येतो.

मी जानेवारी टाळला तो दुसऱ्याच कारणाने. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू! सासूबाई म्हणाल्या, "ते उरकून जा, मग कुणी तोंड उघडणार नाही." माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव भरतो, तेव्हा गर्दी फार, म्हणून तेही दिवस सोडले. मासिक अडचणीच्या तारखाही मोजून पाहिल्या. तरी लागणारे सामान घ्यायचेच, प्रवासाने तारखा चुकतात. आणि वापरलेले कागदी पुड्यात बांधून जैसलमेरपर्यंत परत आणायचे, वाळूत पुरायचे नाही.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसच्या शयनयान वर्गात स्त्रियांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो. एकटीने निघताना तो अवश्य विचारावा.

ओझ्याचा हिशेब

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त नसावे. माझे वजन छप्पन्न किलो, म्हणजे अकरा किलोची मर्यादा. मी हौसेने पिशवी भरली नि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. भरली पंधरा किलो! तो म्हणाला, "ताई, रद्दी कुठाय?"

घरी येऊन सासूबाईंनी पिशवी जमिनीवर ओतली. सोलापुरी चादर बाहेर. स्टीलचा डबा बाहेर. दोन जाड पुस्तके बाहेर. तिसरा ड्रेस बाहेर. किलोभर चिवडा बाहेर. 'असू दे' म्हणून घेतलेल्या सगळ्या वस्तू बाहेर. "असू दे" हा आपला बायकांचा फार मोठा आजार आहे, भगिनींनो. शेवटी राहिले ते असे. पिशवी दीड किलो, पाणी चार, झोपायची पिशवी दीड, कपडे दोन, खाणे एक, औषधे, विजेरी, दोर, शिट्टी, कागदपत्रे मिळून एक किलो.

खाण्यात गाडीसाठी दुधातल्या दशम्या नि शेंगदाण्याची कोरडी चटणी. पुढे सातूचे पीठ (गूळ नि पाणी घातले की झाले), खाकरे, गूळदाणे आणि डिंकाचे चार लाडू.

औषधांत पट्टी, जंतुनाशक मलम, तापाची गोळी, डोळे धुवायचे थेंब. सापाबद्दल मुलाने विचारले होते ना? कोकणात आपल्याला ठाऊक असलेले फुरसे त्या वाळवंटातही असते. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकायचे नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, कारण त्यात विंचूही बसतो. आणि चावलेच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. हातपाय न हलवता लवकरात लवकर मोठा दवाखाना गाठायचा. सर्पविषाची लस हेच खरे औषध.

दागिन्यांचा विषय मी काढणारच होते, पण सासूबाईंनीच काढला. "सोन्याचं मंगळसूत्र कपाटात ठेव. काळी पोत घाल. देवाला कळतं." मी दोन दिवस हे कसे बोलावे याचा विचार करत होते नि त्यांनी ते एका वाक्यात मिटवले.

घर मागे ठेवताना

आपण बाहेरगावी जायचे तर आधी आठ दिवसांचे घर दोन दिवसांत करून ठेवतो. पिठे, वाटणे, भाज्या, इस्त्री. नि दमून गाडीत बसतो. मी यंदा ठरवले आहे, काही करून ठेवायचे नाही. त्याऐवजी तीन महिन्यांपासून दर बुधवारी स्वयंपाक हे नि मुलगा करतात. पहिल्या बुधवारी कुकर करपला. आता ह्यांची मुगाची खिचडी माझ्यापेक्षा बरी होते, असे मुलगी म्हणते. मला जरा लागले, खोटे कशाला सांगू! आपल्यावाचून घराचे अडते, या समजात आपलेही सुख दडलेले असते.

आणि ती पहिली रात्र

नोव्हेंबरात माहेरची माणसे भावाकडे पुण्याला गेली होती. कल्याणचे घर बंद. मी ह्यांना म्हटले, "एक रात्र मी तिथे एकटी झोपून बघते." वाळवंटाआधीची रंगीत तालीम!

संध्याकाळी छान वाटले. एका माणसाचा भात, एका माणसाचे वरण. साडेनऊला अंथरूण घातले. दहाला उठून कडी पाहिली. साडेदहाला पुन्हा पाहिली. मग आवाज सुरू झाले. पाण्याच्या टाकीचा, पालीचा, वरच्या मजल्यावरच्या खुर्चीचा, लांबून गाड्यांचा. ज्या घरात मी वीस वर्षे काढली त्या घराचे हे आवाज मी कधी ऐकलेच नव्हते, कारण कुणीतरी बोलत असायचेच. एक वाजता घाबरून फोन हातात घेतला. ह्यांना लावला नाही. दोनला उठून चहा केला. खिडकीत बसून प्याले. रस्त्यावर कोणी नव्हते. तिथे बसल्या बसल्या ध्यानात आले की, मी भिते आहे ती चोराला किंवा भुताला नव्हे. कोणालाच माझ्याकडून काही नको आहे, अशा वेळेची सवयच नाही मला. साडेतीनला कधीतरी डोळा लागला.

सकाळच्या लोकलने घरी आले. सासूबाईंनी विचारले, "झोप लागली?" म्हटले, "नाही लागली." त्या म्हणाल्या, "पहिल्या रात्री कुणाला लागते? सासरीसुद्धा लागली नव्हती."

त्यानंतर आणखी दोनदा त्या घरी राहिले. तिसऱ्या वेळी साडेपाचपर्यंत झोपले. त्या रात्री कडी एकदाच पाहिली.

भगिनींनो, तुम्ही सगळ्यांनी वाळवंटात जावे, असे मी म्हणत नाही. कोणाला टिटवाळ्याला एकटीने जाऊन यावेसे वाटेल, कोणाला कोल्हापूरला. अंतराचा प्रश्न नाही. पण जायचे तर बेत नीट करा. पाणी, ओझे, परतीची वेळ नि घरचा कागद, या चार गोष्टी पुऱ्या केल्या की घरच्यांचा विरोध बराचसा काळजीत बदलतो, आणि काळजीला उत्तर देता येते.

माझी अकरा किलोची पिशवी दारामागे उभी आहे. भीती वाटते का? वाटते. पण आता ती कशाकशाची आहे, ते लिहून काढता येते. परत आल्यावर काय जमले नि काय चुकले, ते याच पानावर सांगेन. मुख्य म्हणजे पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला मार्चमध्ये उत्तर द्यायचे आहे. ती आता नववीत गेली, पण प्रश्न विसरलेली नाही.